या पायातली शीर त्या पायात

माझ्या थोरल्या बहिणीच्या उजव्या पायात, गुडघ्याच्या आतल्या अंगाला, कातडीखाली एक शीर उडते. ती शीर मुळात डाव्या पायातली आहे. रोज सकाळी तिच्यावर बोट ठेवून बघायचं काम माझ्याकडे आहे, आणि अजूनही बोट टेकवण्याआधी मला भीती वाटते. त्या भीतीबद्दल लिहायचं तर मला माझ्याविषयी दोन गोष्टी सांगाव्या लागतील. आजवर त्या दोन्ही मी अर्ध्याच सांगत आलो आहे.

पहिली गोष्ट अपघाताची. कुणी विचारलं की मी सांगतो, "टेंपोनं उडवलं." हे खरं आहे, पण टेंपो त्याच्या बाजूनं येत होता. मी त्याच्या बाजूनं उलटा चाललो होतो.

अक्का बार्शीजवळच्या गावात राहते. अधूनमधून शेंगा, हुलगे, काळा मसाला असं काहीबाही घेऊन आमच्याकडे सोलापूरला येते, चार दिवस राहते आणि "माझी म्हस वाट बघत आसंल" म्हणून परत जाते. त्या दिवशी तिला स्टँडवर सोडून मला शाळेत जायचं होतं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. ती म्हणाली, "मी रिक्षानं जाते की. तुला उशीर हुतोय." मी मोटरसायकल काढत म्हणालो, "बस गं मागं." आमची वसाहत हायवेच्या पलीकडे आहे. सरळ मार्गानं जायचं तर बरंच पुढे जाऊन पुलाखालून वळसा घ्यावा लागतो. वसाहतीतले सगळेच तो वळसा टाळतात आणि कडेकडेनं उलटे जातात. मीही गेलो.

अक्का साडी सावरून एका बाजूला पाय सोडून बसली होती. आपल्याकडे बायका बसतात तशीच, दोन्ही पाय डावीकडे. मी योग्य बाजूनं गेलो असतो तर तिचे पाय रस्त्याच्या कडेला राहिले असते. उलटा गेल्यामुळे ते समोरून येणाऱ्या गाड्यांकडे आले. एवढी साधी गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही. टेंपो मला घासूनही गेला नाही. माझ्या कोपराला नुसतं खरचटलं. तिच्या उजव्या पायाचं गुडघ्याखालचं हाड मात्र मला दिसलं. पांढरं, धूळ लागलेलं. ती ओरडली नाही. ती म्हणाली, "अरं, माझी पिशवी कुटं गेली?"

दवाखान्यात पहिल्यांदा हाड जागेवर आणून बाहेरून लोखंडी सळ्या लावल्या. जखम धुतली, पुन्हा धुतली. नडगीच्या पुढचं कातडं आणि मांस गेलेलंच होतं. हाड उघडं पडलं होतं, आणि उघडं हाड फार दिवस राहिलं तर सडतं, मग पाय कापावा लागतो, असं हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी आवाज न बदलता सांगितलं. मी मान हलवली आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. "कापावा" हा शब्द मला त्या मजल्यावरच्या सगळ्या आवाजांत ऐकू येऊ लागला. ट्रॉलीच्या चाकांतसुद्धा.

मग प्लास्टिक सर्जन आल्या. वयानं माझ्याहून लहान, हळू आवाजात बोलणाऱ्या बाई. त्यांनी अक्काच्या खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि मला सोडून तिलाच सगळं समजावलं. पाठीवरच्या स्नायूचा एक तुकडा त्याच्या स्वतःच्या धमनी आणि शिरेसकट काढायचा, नडगीवर ठेवायचा आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना सूक्ष्मदर्शकाखाली जोडायचा. रक्त सुरू झालं की तो तुकडा तिथंच जगतो आणि हाड झाकतो.

"पण आजी," त्या म्हणाल्या, "अडचण अशी आहे, की तुमच्या नडगीतल्या नळ्याच चेंगरल्यात. चांगल्या नळ्या आहेत त्या इथं वर, गुडघ्याच्या मागं. तुकडा खाली, नळ्या वर. पोचत नाही."

"मग वो?"

त्यांनी ट्रेमधला सलाईनच्या नळीचा एक लांब तुकडा उचलला, त्याचा लगामासारखा फास केला आणि अक्काच्या गुडघ्याजवळ धरला. दुसऱ्या पायातली एक लांब शीर काढायची. तिचं एक टोक गुडघ्यामागच्या धमनीला, दुसरं तिथल्याच शिरेला. रक्त या टोकानं आत, त्या टोकानं बाहेर. ते नीट खेळतंय असं दिसलं की हा फास मधोमध कापायचा. झाल्या दोन नळ्या, एक रक्त आणणारी, एक नेणारी. त्या खाली पोचतात, आणि तुकडा त्यांना जोडायचा.

"म्हंजी ह्या पायातली शीर त्या पायात," अक्का म्हणाली. "आन पाठीचं मास नडगीला. डाक्टरीणबाई, एवढं उसवून ठिगळं लावायची तर नवी बाईच का शिवत न्हाय?"

त्या मनापासून हसल्या. मीही हसलो. पण त्या शिरेच्या झडपांविषयी सांगू लागल्या, रक्त एकाच दिशेनं जाऊ देतात म्हणून शीर कुठल्या टोकानं जोडायची हे नीट बघावं लागतं, तेव्हा माझं हसू गेलं. नीलांमध्ये, म्हणजे या शिरांमध्ये, झडपा असतात, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवत आलो आहे. त्या आकृतीत कधी कुणाचा पाय नव्हता. आता माझ्या बहिणीचा एक मोडका पाय आणि एक चांगला पाय दोन्ही त्या आकृतीत आले होते. आणि हे फसलं तर चांगल्या पायातली शीरही गेली आणि मोडका पायही गेला.

दुसरी गोष्ट इथून सुरू होते.

डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखूचं काही?"

अक्का तोंड उघडणार एवढ्यात मी म्हणालो, "नाही हो. तसलं काही नाही आमच्यात."

अक्का मिश्री लावते. लग्नाच्या आधीपासून. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळ-दुपार बोटानं दातांना घासायची. आमच्या भागात कितीतरी बायका लावतात आणि त्यातल्या एकीलाही विचारलं तर ती म्हणेल, तंबाखू? छे, आमी न्हाय खात. मिश्रीला कुणी व्यसन म्हणत नाही, ते दात घासणं असतं. मलाही तसं म्हणता आलं असतं, की माझ्या डोक्यात आलंच नाही. पण ते खोटं होईल. मी शाळेत मुलांकडून तंबाखूविरोधी शपथ म्हणून घेतो. मिश्रीत काय असतं आणि त्यानं रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे मला माहीत होतं. मला फक्त लाज वाटली. स्वच्छ कोट घातलेल्या त्या बाईंसमोर, ज्या मला "सर" म्हणत होत्या, माझी बहीण काळे दात घेऊन बसली होती. मी "नाही" म्हणालो तेव्हा अक्कानं पदर ओढून तोंडावर घेतला. डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढचा प्रश्न विचारला.

ऑपरेशन दिवसभर चाललं. त्याबद्दल मला काही सांगता येत नाही. दाजी, म्हणजे अक्काचे मालक, गावाकडून आले होते. ते गळ्यातल्या उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले होते. शेवटी डॉक्टर बाहेर आल्या, टोपी काढली आणि म्हणाल्या, "रक्त चालू आहे."

त्यानंतर राखण सुरू झाली. सोलापूरचा उन्हाळा, आणि अक्काच्या खोलीत एसी बंद, पंखा बंद. थंडीनं शिरा आकसतात म्हणून. पायावर ऊब राहावी म्हणून दिवा लावलेला. चहा बंद, त्यानंही शिरा आकसतात म्हणून. पाय उशीवर, त्यावर काही टेकू द्यायचं नाही. नडगीवर तो तुकडा होता, लालसर, ओलसर, फुगीर, वर जाळीदार पट्टी. सिस्टर येऊन त्यावर पेनासारखं यंत्र टेकवायच्या आणि त्यातून फस्स, फस्स, फस्स असा आवाज यायचा. तो आवाज आला की मी श्वास सोडायचो. यंत्र जागा शोधत असायचं तेवढ्या वेळात मी मेलेला असायचो.

सिस्टरनं मलाही बघायला शिकवलं. "सर, लाल असू दे. निळा झाला तर हाक मारा. पांढरा पडला तर पळत या." मी खुर्ची पायाकडे तोंड करून लावली आणि बघत राहिलो. इतकं बघितलं, की डोळे मिटले तरी तो लाल रंग दिसायचा, आणि मग वाटायचं, खरंच लाल आहे की मलाच तसं दिसतंय?

अक्काला पायापेक्षा डोकं छळत होतं. "डोस्कं जड पडलंय. पोट साफ न्हाय. काय गोड लागंना." मग हळूच, "अरं, माझ्या पिशवीत डबी हाय बघ."

"अक्का, नको."

"एवढुशी. दाताला लावती, खात का हाय?"

"डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"त्यांनी कुटं सांगितलंय? त्यांना तर तू न्हायच म्हणून सांगितलंस." ती हे टोमणा म्हणून म्हणाली नाही. तिला ते अगदी सरळ वाटत होतं.

मी दिली. हे लिहिताना हात थांबतो, पण दिली. सिस्टर जेवायला गेल्या होत्या. मी डबीचं झाकण उघडून धरलं, तिनं बोट बुडवून दातांवर फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी पाहिला. अपघातानंतर पहिल्यांदाच मी तिला काहीतरी चांगलं दिलं असं मला वाटलं. मी भांडं धरलं, ती थुंकली, मी चूळ भरायला पाणी दिलं, भांडं धुतलं आणि डबी पुन्हा पिशवीत, लुगड्याच्या घडीत ठेवली. पुढच्या दिवशीही दिली. मला कळत नव्हतं असं नाही. तिला नाही म्हणायचा हक्क माझ्याकडे उरलेला नाही असं मला वाटत होतं. आणि आपण आपला अपराध अशा रीतीनं फेडू लागलो की तो वाढतो, हे मात्र खरंच कळत नव्हतं.

त्याच दुपारी मी तुकड्याकडे पाहिलं आणि त्याचा रंग उतरलेला दिसला.

आधी वाटलं, ढग आला असेल, उजेड कमी झाला असेल. खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं. तो तुकडा कापसाच्या वातीसारखा फिका पडला होता. मी पळालो. सिस्टरनं यंत्र टेकवलं. आवाज नाही. जागा बदलली. आवाज नाही. सुई टोचली, रक्त आलं नाही. त्यांचा चेहरा बदलला आणि त्या फोनकडे धावल्या. अक्का माझ्याकडे बघत होती. "काय झालं रं? पांढरं झालं का?"

"काही नाही, अक्का."

"मग तू का पांढरा झालास?"

डॉक्टर आल्या, हात लावला, फार काही बोलल्या नाहीत. "लगेच आत घेऊ. उघडून बघावं लागेल." ट्रॉली आली. थिएटरच्या दाराशी त्यांनी अक्काच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "आजी, खरं सांगा. तंबाखू, मिश्री, काही लावलंत?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. शाळेत मुलं बाकाखालून उत्तर विचारायला बघतात तसं.

"न्हाय," ती म्हणाली.

दार उघडलं होतं. वॉर्डबॉयनं ट्रॉली ढकलली. तिथं नुकतेच गावाहून परतलेले दाजी होते, सिस्टर होत्या, आणखी एका पेशंटचे नातेवाईक होते, आणि त्यातल्या एकाचा मुलगा माझ्या वर्गात होता. माझी बहीण माझ्यासाठी खोटं बोलली होती आणि ते खोटं बरोबर घेऊन आत चालली होती.

"लावली," मी म्हणालो. "मिश्री. सकाळीच. मी दिली. कालही दिली. आणि आधीपासून लावते. मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"गप की रं!" अक्का ट्रॉलीवरून ओरडली.

डॉक्टर ओरडल्या नाहीत. त्यांनी आतल्या कुणाला तरी दोन वाक्यांत ते सांगितलं. मग वळून मला म्हणाल्या, "दात बघून मला वाटलं होतं. तुम्ही शिक्षक आहात म्हणालात, म्हणून मी पुन्हा विचारलं नाही. ती चूक माझीही आहे." आणि दार बंद झालं.

कुणीतरी माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

दाजी बाकावर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हणालो, "दाजी, काय बोलायचं ते बोला." सदऱ्याच्या खिशातून त्यांनी कागदाची पुडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. उघडायची गरज नव्हती, वास आला.

"म्हशीसाठी गावाला गेलो हुतो, तवा फोनवर म्हणली हुती, डबी सपत आली, येताना आणा," ते म्हणाले. "म्या सकाळी चुलीवर भाजून आणली. पाव्हणं, तुमी दिली नसती तर म्या दिली आसती. पर मला म्हाईत नव्हतं. तुमाला म्हाईत हुतं."

एवढंच. पुन्हा ते उपरणं बोटाला गुंडाळू लागले. मी पुडी नेऊन बेसिनमध्ये ओतली आणि नळ सोडला. काळं पाणी बराच वेळ फिरत राहिलं.

त्या बाकावर बसून मी पाय नसलेली अक्का बघितली. गोठ्यात, कुबडीवर, म्हशीच्या दाव्याशी झटणारी. एसटीच्या पायरीशी उभी, आणि मागचे लोक ओरडतायत. मी डोकं हलवून एक चित्र घालवलं की दुसरं यायचं. देवाला काही बोलायला गेलो तर काय बोलायचं ते सुचेना. तिचा पाय वाचव म्हणू, की माझं नाव वाचव? दोन्ही माझ्या तोंडातून एकत्रच निघत होतं आणि मला वेगळं करता येत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आल्या. त्या स्वतःच जवळ आल्या. जोडलेली शीर आकसली होती आणि वरच्या जोडाजवळ गुठळी झाली होती. गुठळी काढली, तेवढा भाग कापून त्याच डाव्या पायातल्या शिरेचा आणखी एक छोटा तुकडा मध्ये घातला, शीर सैल पडायचं औषध सोडलं. रक्त पुन्हा चालू झालं होतं. टिकेल की नाही, ते आज सांगता येणार नव्हतं.

"मिश्रीमुळं झालं का?" मी विचारलं.

"छातीठोकपणे नाही सांगता येणार. गुठळी मिश्री न लावणाऱ्यांनाही होते." त्या थांबल्या. "पण मिश्रीनं शिरा आकसतात हे मी तुम्हाला सांगायला नको."

त्यांनी मला "हो" म्हटलं असतं तर मी शिक्षा घेऊन मोकळा झालो असतो. "नाही" म्हटलं असतं तर सुटलो असतो. यातलं काहीच झालं नाही, आणि आजही ते तसंच आहे.

तुकडा जगला. खालची एक कड काळी पडली, ती काढून तिथं मांडीचं कातडं लावलं. पण हाड झाकलं गेलं. अक्का पुढचे काही दिवस माझ्याशी बोलेना. भांडं मागायचं तर सिस्टरला, पाणी मागायचं तर दाजींना. एका सकाळी मी तिचे केस विंचरायला बसलो तेव्हा तोंड फिरवून म्हणाली, "चारचौघांत माझी शोभा केलीस."

"मग तू नाही का म्हणालीस, अक्का? तुझा पाय जात होता."

"तूच पैल्यांदा न्हाय म्हणला हुतास. मी व्हय म्हणून तुला खोटा पाडू? एवडा शिकिवला तुला, त्यो काय डाक्टरीणबाईम्होरं खाली मान घालायला?"

मी फणी तशीच धरून राहिलो. ती म्हणाली, "वड की आता. गुता निगंना व्हय?"

आता ती आमच्याकडेच आहे. हाड धरतंय, पण हळू. म्हैस जावेकडे आहे आणि रोज फोनवर तिची चौकशी होते. मिश्री सुटली आहे असं अक्का म्हणते. सुरुवातीला तिचं डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, माझ्या बायकोच्या भाकरीला नावं ठेवायची. आता दात साध्या पावडरीनं घासते आणि "मातीगत लागतंय" म्हणते. दाखवायला गेलो की डॉक्टर तिला विचारतात, "आजी, मिश्री?" ती म्हणते, "न्हाय." मग त्या माझ्याकडे बघतात. मी उत्तर द्यायच्या आधी तिची पिशवी, उशी, लुगड्याच्या घड्या सगळं मनातल्या मनात पुन्हा उचकतो आणि मगच म्हणतो, "नाही." हायवेवरून जाताना मी पुलाखालच्या वळशानं जातो. रोज शेजारी कडेकडेनं उलटे जाताना दिसतात. त्यांच्या मागं बायका बसलेल्या असतात, पाय एका बाजूला. मी काही बोलत नाही. तेही एकदा लिहून ठेवायला हवं.

सकाळी शाळेत जायच्या आधी मी तिच्या खाटेशी बसतो. डॉक्टरांनी आता रोज बघायची गरज नाही असं सांगितलंय. पण अक्का लुगडं गुडघ्यापर्यंत सारून पाय पुढे करते. टाक्यांच्या वणाशेजारी, जिथं ती डाव्या पायातली शीर कातडीच्या अगदी जवळून जाते, तिथं मी बोट नेतो. बोट आणि कातडी यांच्यात थोडं अंतर असतं तेवढ्यात मला ती फिकी दुपार दिसते. मी बोट टेकवतो. लगेच काही लागत नाही. कधीच लगेच लागत नाही. मी जागा बदलतो.

"हाय का?" अक्का विचारते.

बोटाखाली काहीतरी उडतं.

"हाय," मी म्हणतो.